२२० जीबीचा पोस्टग्रेस क्लाउडवर: आरडीएस, क्लाउड एसक्यूएल की ॲझ्युर?

नवी_डिस्क

मंडळी, स्वतःच्या सर्व्हरवरचा पोस्टग्रेस १३ डेटाबेस मॅनेज्ड सेवेवर, म्हणजे सर्व्हर सांभाळून देणाऱ्या ॲमेझॉनच्या आरडीएस, गुगलच्या क्लाउड एसक्यूएल किंवा मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरवर, हलवायचा आहे. १३ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे आवृत्तीही बदलायचीच आहे.

एकूण आकार २२० जीबी, त्यात एकच टेबल ९० जीबीचं. गर्दीच्या वेळी सेकंदाला १,१०० च्या आसपास ट्रान्झॅक्शन, त्यातली पाचातली एक लिहिणारी. डिस्क ४,५०० आयओपीएसपर्यंत (सेकंदाला होणारी वाचनं-लेखनं) जाते. कनेक्शन ६०० उघडी असतात, पण एका क्षणी खरं काम करणारी ४० च्या वर नसतात. एक्स्टेंशन म्हणाल तर पोस्टजीआयएस (नकाशाच्या डेटासाठी) आणि पीजी_क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवायला). दोन फंक्शन पीएल/पायथनमध्ये आहेत. ॲप कंटेनरमध्ये आहे, कुठेही नेता येईल. बदलाच्या दिवशी १५ मिनिटं बंद ठेवलं तर चालेल.

तुलनेचे तक्ते वाचले की तिन्ही सेवा एकसारख्याच वाटतात. मग निवड नेमकी कशावरून करायची? आणि सर्व्हरलेस (भाराप्रमाणे आपोआप लहानमोठं होणारं) घेतलं तर स्वस्त पडेल का?

खोदकाम

तक्ते सारखे दिसणारच, आत तिन्हीकडे तोच पोस्टग्रेस आहे. फरक आहे तो डिस्क कशी विकतात, तुम्हाला काय करू देत नाहीत, आणि काही बिघडलं की किती वेळात परत उभं राहतं, यात. तक्त्यात नेमके हेच रकाने नसतात.

आधी अडणारी गोष्ट काढून टाका. पीएल/पायथन तिन्हीकडे चालणार नाही. ती 'अनट्रस्टेड' भाषा आहे, म्हणजे फंक्शनमधून सर्व्हरच्या फाइलींना हात घालता येतो, आणि मॅनेज्ड सेवेत तेवढी मोकळीक कोणी देत नाही. खरा सुपरयूझरही मिळत नाही. आरडीएसवर आरडीएस_सुपरयूझर, गुगलकडे क्लाउडएसक्यूएलसुपरयूझर आणि ॲझ्युरवर ॲझ्युर_पीजी_ॲडमिन असे कापलेले रोल मिळतात. ती दोन फंक्शन पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये लिहा किंवा ॲपमध्ये न्या. दोनच आहेत हे पीजी_प्रॉक आणि पीजी_लँग्वेज जोडून एकदा तपासून घ्या, जुन्या ट्रिगरमध्ये तिसरं दडलेलं असतं.

पोस्टजीआयएस आणि पीजी_क्रॉन तिन्हीकडे आहेत, पण चालू करायची रीत वेगळी. आरडीएसवर पीजी_क्रॉन आधी प्रीलोड लायब्ररींच्या पॅरामीटरमध्ये घालून रीस्टार्ट करावं लागतं, आणि डीफॉल्ट पॅरामीटर ग्रुप बदलता येत नाही. म्हणून इन्स्टन्स बनवतानाच स्वतःचा ग्रुप जोडा. ॲझ्युरवर एक्स्टेंशनचं नाव आधी परवानगीच्या यादीत घालावं लागतं, नाहीतर क्रिएट एक्स्टेंशन नकार देतं आणि माणूस उगाच रोल तपासत बसतो.

आता डिस्क. तुमच्या प्रश्नात निवड ठरवणारा आकडा ४,५०० आयओपीएस हाच आहे, २२० जीबी नव्हे.

आरडीएसवर पोस्टग्रेससाठी जीपी३ प्रकारची डिस्क ४०० जीबीच्या खाली घेतली तर ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी एवढंच मिळतं, जास्त पैसे देऊनही वाढवता येत नाही. ४०० जीबी झाली की आतून चार डिस्कवर डेटा पसरतो आणि पाया थेट १२,००० आयओपीएस व ५०० एमबीवर जातो. म्हणजे तुम्हाला २२० जीबी लागत असले तरी ४०० घ्या. २५० घेऊन बचत केली तर गर्दीच्या वेळी डिस्कच्या रांगा लागतील आणि दोष क्वेरींना दिला जाईल.

गुगलच्या क्लाउड एसक्यूएलवर एसएसडीचे आयओपीएस जीबीमागे ३० या हिशोबाने वाढतात. २२० ला साडेसहा हजार होतात, म्हणजे तुमचं भागतं. पण मशीनच्या कोअरनुसारही वरची मर्यादा असते, तीही बघा.

ॲझ्युरच्या फ्लेक्झिबल सर्व्हरवर नेहमीची प्रीमियम एसएसडी ठरावीक मापांत येते: २५६ जीबीला १,१००, ५१२ ला २,३०० आणि १ टीबीला ५,००० आयओपीएस. तुमच्या भाराला १ टीबी तरी लागेल, किंवा आकार तोच ठेवून कामगिरीचा टियर वर न्यावा लागेल आणि त्याचे पैसे वेगळे. प्रीमियम एसएसडी व्ही२ मध्ये आयओपीएस आकारापासून सुटे घेता येतात. तुम्हाला हव्या असलेल्या सोयी त्या डिस्कबरोबर चालतात ना, एवढं आधी तपासा.

एकाच भारासाठी तीन ठिकाणी २२०, ४०० आणि १,०२४ जीबी. किमतींचे कॅल्क्युलेटर उघडून तिन्हीकडे '२२० जीबी' टाकलं की तुलना तिथेच फसते. शिवाय डिस्क वाढवणं सोपं, कमी करणं जवळजवळ अशक्य. लहान डिस्कवर जायचं तर नवा इन्स्टन्स उभा करून डेटा हलवायचा, हेच गृहीत धरा. आपोआप वाढण्याची सोय चालू ठेवली तर तिला कमाल मर्यादाही घाला. एखादी वेडी क्वेरी तात्पुरत्या फाइलींनी डिस्क फुगवते आणि त्या फुगवट्याचे पैसे कायम भरावे लागतात.

आणखी एक खाच. डिस्क १२,००० देते म्हणून मशीन तेवढे घेते असं नाही. आरडीएसच्या एम६जी.लार्जसारख्या लहान मशीनचा डिस्ककडे जाणारा मार्ग ३,६०० आयओपीएसचाच आहे. त्याहून वर तो जातो, पण थोडा वेळ. पूर्ण वेगाने तासभर सलग गर्दी असेल तर शेवटचा बराच वेळ ३,६०० वर काढावा लागू शकतो. दहा मिनिटांची चाचणी घेतली तर हे दिसतच नाही.

रात्रपाळी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, डिस्कनंतरच्या दोन गोष्टी जोडतो.

६०० कनेक्शन. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस देतो. रिकाम्या प्रोसेसही काही एमबी धरून बसतात आणि त्यात कॅश केलेली माहिती साचत जाते. ४० च काम करत असतील तर मध्ये पूलर (मोजकी कनेक्शन सगळ्यांना आळीपाळीने देणारा मध्यस्थ) घाला आणि डेटाबेसपर्यंत ५० ते ८० च जाऊ द्या. ॲझ्युरवर पीजीबाउन्सर हा पूलर आतच आहे, पोर्ट ६४३२, पण बर्स्टेबल (थोडा वेळच पूर्ण वेगाने चालणाऱ्या) मशीनवर तो मिळत नाही. ॲमेझॉनकडे आरडीएस प्रॉक्सी वेगळ्या पैशाने. अर्थात पीजीबाउन्सर स्वतःच्या कंटेनरमध्ये चालवणंही फार अवघड नाही, आणि मग सेवा बदलली तरी ॲपला फरक पडत नाही. माझं मत त्याच बाजूला आहे.

ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (प्रत्येक ट्रान्झॅक्शननंतर पूलर कनेक्शन दुसऱ्याला देतो) काय तुटतं ते मात्र आधी शोधा. सेशनला चिकटलेलं सगळं तुटतं: लिसन, सेशन पातळीचे ॲडव्हायझरी लॉक, सेटने बदललेले पॅरामीटर, ट्रान्झॅक्शनपलीकडे जगणारी तात्पुरती टेबलं. प्रीपेअर्ड स्टेटमेंटचा जुना त्रास पीजीबाउन्सर १.२१ पासून बराचसा मिटला, फक्त त्याची मर्यादा शून्यावर ठेवू नका. आरडीएस प्रॉक्सीवर याच गोष्टी केल्या की तो कनेक्शन एकाच क्लायंटला बांधून टाकतो. चूक काहीच दिसत नाही, पूलिंग मात्र गुपचूप बंद पडतं. त्याचा 'पिनिंग'चा आलेख पहिल्या आठवड्यात रोज बघा.

दुसरी गोष्ट फेलओव्हर, म्हणजे मुख्य सर्व्हर पडला की राखीव सर्व्हरने (स्टँडबायने) त्याची जागा घेणं. आरडीएसच्या साध्या मल्टी-एझेड जोडीत (दोन झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या डेटासेंटरांत, एकेक सर्व्हर) ६० ते १२० सेकंद धरा, बाकी दोघांकडेही मिनिट-दोन मिनिटांचाच मामला आहे. त्या जोडीतला स्टँडबाय वाचायला वापरता येत नाही, तो नुसता उभा असतो. वाचायला हवा असेल तर दोन वाचनीय स्टँडबायचा क्लस्टर वेगळा आहे, आणि तो सहसा ३५ सेकंदांच्या आत उलटतो.

पण डेटाबेस ७० सेकंदांत उठला तरी ॲप दहा मिनिटं पडलेलं असतं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा डीएनएस. फेलओव्हरमध्ये नाव तेच राहतं, त्यामागचा पत्ता बदलतो. आरडीएस त्या नावाचा टीटीएल (पत्ता लक्षात ठेवायची मुदत) ५ सेकंदांचा ठेवतो, पण ॲपच्या बाजूला जाव्हाचं मशीन पत्ता जास्त वेळ धरून ठेवू शकतं. त्याचा डीएनएस कॅश ५ ते १० सेकंदांवर आणा. शिवाय अर्धवट मेलेलं टीसीपी कनेक्शन लिनक्सच्या डीफॉल्ट कीपअलाइव्हवर दोन तास तपासलंच जात नाही. कीपअलाइव्ह आयडल ३० सेकंद, इंटरव्हल १०, काउंट ३ असं काहीतरी ड्रायव्हरमध्ये लिहा. मग चाचणी भारासकट फेलओव्हर मुद्दाम घडवा आणि पहिल्या चुकीपासून पहिल्या यशस्वी लिखाणापर्यंत घड्याळ लावा. तो आकडा तुमचा. कागदावरच्या एसएलएमधला (सेवा चालू राहण्याच्या हमीतला) तुमचा नाही.

एसएलएचा हिशोब करून ठेवा: तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९५ टक्के म्हणजे २१.६ मिनिटं बंद चालतं, ९९.९९ म्हणजे ४.३ मिनिटं. आणि मोडला तर परत मिळतं ते बिलातलं क्रेडिट, बुडालेला धंदा नव्हे.

दोन झोनमध्ये सिंक्रोनस लिहायचं म्हटलं की प्रत्येक कमिटला मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद वाढतात. एकेक ओळ वेगळ्या कमिटने घालणारं काम असेल तर तिथे लगेच जाणवेल. ५०० ओळींचे गठ्ठे करा. तसंच ॲप एका झोनमध्ये आणि डेटाबेस दुसऱ्यात असेल, एका पानाला ४० क्वेरी असतील, तर नुसत्या ये-जा करण्यात ४० मिलिसेकंद गेले. कोणत्याही क्लाउडवर जा, हे तसंच राहणार.

पै_पैचा_हिशेब

सर्व्हरलेसबद्दल. दिवसरात्र सेकंदाला शेकड्यांनी ट्रान्झॅक्शन चालत असतील तर स्वस्त पडणार नाही. त्याच ताकदीच्या कायमच्या मशीनपेक्षा तासाचा दर जास्त असतो आणि कायमच्या मशीनवर वर्षाच्या करारात आणखी सूट मिळते. फायदा होतो तो दिवसातले बरेच तास भार शून्याजवळ असेल तेव्हा.

ऑरोरा हा ॲमेझॉनचाच दुसरा, पोस्टग्रेसशी जुळणारा डेटाबेस. त्याच्या सर्व्हरलेस व्ही२ मध्ये एक एसीयू (ताकद मोजायचं एकक) म्हणजे साधारण २ जीबी मेमरी. नोव्हेंबर २०२४ पासून तो शून्यापर्यंत खाली जाऊ शकतो. जागा व्हायला १५ सेकंदांच्या आसपास लागतात, दिवसभर झोपला असेल तर जास्त. मात्र एक जरी कनेक्शन उघडं राहिलं तरी तो झोपत नाही. पूलरचं किंवा मॉनिटरिंगचं एक कनेक्शन रात्रभर जागं ठेवतं आणि शून्यासाठी निवडलेली सेवा शून्यावर कधीच पोचत नाही. उलटही होतं: झोपलेल्या डेटाबेसला पीजी_क्रॉन उठवत नाही, तुमची रात्रीची कामं राहून जातील. आणि खाली येताना मेमरी कमी होते म्हणजे कॅशही जाते, त्यामुळे सकाळची पहिली गर्दी थंड डिस्कवरून वाचते.

ऑरोरा घ्यायचाच झाला तर त्याचे दोन हिशोब आहेत. स्टँडर्डमध्ये प्रत्येक आय/ओचे पैसे. २०२३ मध्ये आलेल्या आय/ओ-ऑप्टिमाइझ्डमध्ये ते शून्य, पण मशीन आणि साठवण महाग. बिलात आय/ओचा वाटा २५ टक्क्यांच्या वर गेला की दुसरा परवडतो. तुमचे ४,५०० सलग तासभर चालले तर तासात १ कोटी ६२ लाख आय/ओ होतात. ऑरोराचे आय/ओ अगदी याच मापात मोजले जात नाहीत, पण स्टँडर्डवर जायच्या आधी अंदाज याच आकड्यापासून काढा.

बिलात न दिसणाऱ्या बाकी ओळी: झोनच्या पलीकडे जाणारी ॲपची वाहतूक (ॲमेझॉनवर दोन्ही दिशांना आकार), लॉग साठवण, हाताने घेतलेले आणि विसरलेले स्नॅपशॉट. चाचणीचा इन्स्टन्स 'बंद' करून ठेवला तर आरडीएस आणि ॲझ्युर दोन्ही ७ दिवसांनी तो आपोआप चालू करतात. शिवाय बंद असतानाही डिस्कचं मीटर चालूच. नको असेल तर स्नॅपशॉट घेऊन काढून टाका.

आरडीएसवरची टी वर्गातली मशीन चाचणीपुरती ठीक. टी३.मीडियमला दोन व्हीसीपीयू दिसतात, पण कायमचा हक्क प्रत्येकी २० टक्क्यांचाच. त्यावर गेलात आणि क्रेडिट (साठलेला जादा सीपीयूचा हक्क) संपलं की आरडीएस जादा बिल लावतो, ॲझ्युरचं बर्स्टेबल मशीन मात्र सरळ हळू होतं. दोन्ही वाईटच, पण पहिलं निदान रात्री दोनला उठवत नाही.

आणि १३ तसाच उचलून नेऊ नका. आरडीएसवर नेहमीचा सपोर्ट संपलेल्या आवृत्तीला व्हीसीपीयूमागे तासाला वेगळा आकार लागतो. थेट १६ किंवा १७ वर उतरा.

नवी_डिस्क

सगळ्यांचे आभार, ४०० जीबीची गोष्ट कुठल्याच तक्त्यात नव्हती. दोन प्रश्न राहिले. एक, 'हे सगळं डायनॅमोडीबीत टाका, कनेक्शनची कटकटच नको' असाही सल्ला मिळाला आहे (ॲमेझॉनचा नोएसक्यूएल डेटाबेस). दोन, ९० जीबीचं टेबल असताना १५ मिनिटांत बदल कसा बसवायचा?

खोदकाम

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. जॉइन नाहीत, पोस्टजीआयएस नाही, एक नोंद ४०० केबीच्या आत, आणि एका पार्टिशनला सेकंदाला ३,००० वाचन व १,००० लेखन युनिट ही कमाल. लेखनाचं युनिट १ केबीचं असतं, म्हणजे ३ केबीची नोंद तीन युनिट खाते. कुठल्या प्रश्नांसाठी डेटा वाचायचा ते सगळं आधी ठरलेलं असेल तर ते उत्तम काम करतं. तुमच्याकडे नकाशाच्या क्वेरी आहेत. ते पुनर्लेखन होईल, स्थलांतर नाही. विषय संपला.

निर्देशांक

दुसऱ्याचं लांब आहे. डंप काढून परत भरणं १५ मिनिटांत बसणार नाही. अनेक जॉब लावून भरलं तरी ९० जीबीच्या टेबलाचा डेटा एकाच धाग्यात जातो आणि त्यावर इंडेक्स बांधायचे असतात. लॉजिकल रेप्लिकेशन वापरा: जुनी बाजू बदल प्रसिद्ध करते (पब्लिकेशन) आणि नवी बाजू ते सतत घेत राहते (सबस्क्रिप्शन). वेगळ्या आवृत्त्यांमध्ये चालतं आणि तिन्ही सेवा ते घेतात.

जुन्या सर्व्हरवर वॉल (बदलांची नोंदवही) लेव्हल लॉजिकल करा. याला रीस्टार्ट लागतो, तो आधीच्या आठवड्यात उरकून टाका. त्याचबरोबर स्लॉटने (नवी बाजू कुठवर पोचली याची खूण) धरून ठेवायच्या वॉलची कमाल मर्यादा घाला (मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ, १३ पासून आहे). नाहीतर नेटवर्क तुटलं की स्लॉट वॉल साठवत राहतो आणि चालू असलेल्या डेटाबेसची डिस्क भरते. मर्यादा ओलांडली तर स्लॉट रद्द होऊन कॉपी पुन्हा करावी लागेल, ते परवडतं.

प्रायमरी की नसलेली टेबलं शोधा. पब्लिकेशनमध्ये घातल्यावर अशा टेबलावरचे अपडेट आणि डिलीट जुन्या, चालू सर्व्हरवरच चूक देऊ लागतात, म्हणजे ॲपच पडतं. आधी की द्या, किंवा रेप्लिका आयडेंटिटी (ओळ कशावरून ओळखायची ते) ठरवा.

नवीन बाजूला फक्त स्कीमा भरा, मालक आणि परवानग्या वगळून, कारण ते रोल तिथे नसतात. मोठ्या टेबलावर फक्त प्रायमरी की ठेवा, बाकी इंडेक्स कॉपी झाल्यावर बांधा. इंडेक्ससकट भरलं तर वेळ कितीतरी वाढतो. ९० जीबीचं टेबल वेगळ्या पब्लिकेशनमध्ये, वेगळ्या दिवशी. कॉपी चालू असताना जुन्या बाजूला त्या स्नॅपशॉटमुळे व्हॅक्यूम (जुन्या ओळींची सफाई) मागे राहतो, म्हणून ती कमी गर्दीच्या वेळी सुरू करा.

टेबलांची रचना बदलणारं काहीही पुढे जात नाही, त्यामुळे त्या काळात मायग्रेशन बंद. सीक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडेही जात नाहीत, आणि याचाच सगळ्यात जास्त विसर पडतो: बदल झाला, पहिलं इन्सर्ट केलं आणि प्रायमरी की आधीच आहे म्हणून चूक. लार्ज ऑब्जेक्ट असतील तर तेही वेगळे हलवा.

बदलाच्या दिवशीचा क्रम: ॲप वाचनापुरतं करा, जुन्या बाजूच्या ॲपच्या रोलची लिहिण्याची परवानगी काढा. शेवटचा एलएसएन (वॉलमधली जागा) बघून नवी बाजू तिथे पोचली याची खात्री करा, हे सहसा काही सेकंदांत होतं. सीक्वेन्स जुन्या आकड्यापेक्षा हजाराने पुढे सरकवा. पुढे जाणारं सबस्क्रिप्शन काढून टाका. मग नव्याकडून जुन्याकडे उलटं सबस्क्रिप्शन बनवा, जुना डेटा कॉपी न करण्याचा पर्याय देऊन. ते झाल्यावरच ॲपला नवीन पत्ता द्या. उलटं सबस्क्रिप्शन पहिल्या लिखाणाच्या आधी नसेल तर मधल्या ओळी हरवतात आणि परतीचा रस्ता नावापुरता उरतो. त्यासाठी जुन्या सर्व्हरवरून नव्यापर्यंत नेटवर्क उघडं हवं, हे फायरवॉलवाल्यांना आठवडाभर आधी सांगा.

ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणं) बदलाच्या आदल्या रात्रीच चालवून घ्या. रेप्लिकेशनने आकडेवारी जात नाही. ती नसली की प्लॅनर ९० जीबीच्या टेबलावर सीक्वेन्शियल स्कॅन काढतो आणि 'क्लाउड स्लो आहे' असा निष्कर्ष निघतो.

अवांतर: पीजी_क्रॉनची कामं नव्या बाजूला भरून ठेवा, पण बंद अवस्थेत. दोन्हीकडे एकाच रात्री चालली तर तेच काम दोनदा होतं, आणि दोन्हीकडे तीच की घातली गेली तर टक्कर होऊन रेप्लिकेशन थांबतं.

रात्रपाळी

यात बॅकअपमधून परत आणण्याची तालीम घाला, सेवा निवडण्याच्या आधीच. आरडीएस परत आणताना नेहमी नवा इन्स्टन्स बनवतो. तो 'उपलब्ध' दिसतो तेव्हा ब्लॉक मागे एस३ (ॲमेझॉनचं साठवण) मध्येच असतात आणि पहिल्या वाचनाला खेचून आणले जातात. त्यामुळे पहिले काही तास तीच क्वेरी कितीतरी पट हळू चालते. मुख्य टेबलं पीजी_प्रीवॉर्मने किंवा पूर्ण स्कॅनने वाचून घ्या आणि तो वेळही हिशोबात धरा. आरडीएस आणि ॲझ्युर दोघांवर ऑटोमॅटिक बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवसांचे.

आरडीएसवर इन्स्टन्स काढताना बॅकअप ठेवायचा पर्याय निवडला नाही तर ऑटोमॅटिक बॅकअपही त्याच्याबरोबर जातात. डिलीशन प्रोटेक्शन चालू करा आणि आठवड्याला एक डंप दुसऱ्या अकाउंटमध्ये ठेवा, ज्याची किल्ली रोजच्या ॲडमिनकडे नाही.

नवी_डिस्क

ठरलं ते असं: पीएल/पायथन काढून पोस्टग्रेस १६, पीजीबाउन्सर स्वतःचा. गुगल आणि आरडीएस दोन्हीवर ४०० जीबी घेऊन दोन तासांची पीजीबेंच (पोस्टग्रेसबरोबर येणारी भार-चाचणी) आणि भारासकट फेलओव्हर. पीजीबेंचचं स्केल (चाचणीच्या डेटाचं माप) किती ठेवू?

खोदकाम

१०० चं स्केल म्हणजे साधारण दीड जीबी, १,००० म्हणजे १५. मशीनच्या मेमरीच्या निदान तिप्पट डेटा हवा, नाहीतर डिस्क मोजलीच जात नाही. ३२ जीबीच्या मशीनला ७,००० घ्या. क्लायंट ४०, म्हणजे तुमच्या खऱ्या आकड्याइतकेच. सरासरी बघू नका, दर दहा सेकंदांची ओळ छापायला लावा आणि पहिला अर्धा तास संपल्यावर आकडा कुठे घसरतो ते बघा. मात्र पीजीबेंचच्या नेहमीच्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिखाणच जास्त असतं आणि तुमच्याकडे पाचात एकच लिहिणारी आहे. म्हणून स्वतःच्या आठ-दहा मुख्य क्वेरींच्या स्क्रिप्ट वजन देऊन चालवा, पोस्टजीआयएसच्या त्यात हव्यातच.